तार नसली तरी



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. म्हणून आज वर्गातलाच एक विषय घेतला आहे. पुस्तकात एक प्रकरण विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचं असतं. त्यात फॅरेडेचा नियम येतो आणि त्याच्यासोबत कॉइल, चुंबक, गॅल्व्हानोमीटर. मग प्रत्यावर्ती धारेचं लांबलचक प्रकरण येतं, रोहित्रं येतात, परीक्षेला हमखास विचारली जाणारी गणितं येतात. त्यानंतर केव्हातरी विद्युतचुंबकीय तरंगांचं छोटंसं प्रकरण येतं आणि त्यात कॉइल कुठेच दिसत नाही. मुलांना वाटतं विषय बदलला. रेडिओपासून गॅमा किरणांपर्यंतचा तक्ता पाठ करायचा आणि पुढे जायचं, अशी त्या प्रकरणाची बोळवण होते.

माझ्या मते विषय बदललेला नसतो. फॅरेडेच्या नियमातली तार काढून घेतली की आपण तरंगांच्या दारात उभे असतो. या नियमाला तारेची गरज कधीच नव्हती. तार होती ती साक्षीदार म्हणून. ही गोष्ट पहिल्याच तासाला सांगितली नाही, तर पुढे प्रकाश म्हणजे काय हे सांगताना शिक्षकाच्या हातात काहीच उरत नाही.

सुरुवात १८२० पासून करू. कोपनहेगनला अर्स्टेडला दिसलं की तारेतून वीज वाहू लागली की शेजारची होकायंत्राची सुई वळते. विजेपासून चुंबकत्व मिळतं, तर मग चुंबकत्वापासून वीज मिळायलाच हवी, असं युरोपभरच्या संशोधकांना वाटू लागलं. पुढची अकरा वर्षं ती काही हाती लागली नाही. सगळे जण टिकून राहणारा परिणाम शोधत होते. चुंबक तारेजवळ ठेवला की तारेत वीज वाहत राहील, अशी अपेक्षा होती. जिनिव्हाच्या कोलादोंची हकिगत तर चटका लावणारी आहे. १८२५ मध्ये तो कॉइलमध्ये चुंबक सरकवून बघत होता. चुंबकाचा गॅल्व्हानोमीटरच्या सुईवर थेट परिणाम होऊ नये म्हणून त्याने ते यंत्र लांब, दुसऱ्या खोलीत ठेवलं. चुंबक सरकवायचा आणि मग चालत जाऊन सुई बघायची. तो पोचेपर्यंत सुई शून्यावर आलेली असायची. शास्त्रज्ञाने जी काळजी घ्यायला हवी तीच त्याने घेतली होती, आणि तिच्यापायीच शोध हुकला.

मायकेल फॅरेडे हा लोहाराचा मुलगा. शालेय शिक्षण जेमतेम. चौदाव्या वर्षी लंडनच्या एका पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून विज्ञान शिकला. १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीचा मदतनीस झाला. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने जो प्रयोग केला त्याचं साहित्य जरा जवळून पाहू. मऊ लोखंडाची एक कडी, बाहेरून सहा इंच व्यासाची, जाडी इंचाला थोडी कमी. तिच्या एका बाजूला चोवीस-चोवीस फुटांच्या तीन तांब्याच्या तारा गुंडाळलेल्या, दुसऱ्या बाजूला दोन तुकड्यांत मिळून साठेक फूट. दोन्ही बाजूंच्या मध्ये मोकळी जागा. त्या काळी वेष्टन चढवलेली तार बाजारात मिळत नव्हती. त्यामुळे फेऱ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्याने मध्ये सुतळी घातली आणि प्रत्येक थराला सुती कापड लावलं. अशी एक कडी वळायला किती तास गेले असतील, हे ज्यांनी हाताने कॉइल गुंडाळली आहे त्यांना सांगायला नको. दुसऱ्या बाजूच्या तारेची टोकं जोडून ती तार तीन फुटांवर ठेवलेल्या चुंबकसुईवरून नेली होती. पहिल्या बाजूला बॅटरी जोडली. सुई हलली, थरथरली आणि पुन्हा जागेवर आली. बॅटरी जोडलेली असेपर्यंत काही नाही. बॅटरी तोडली तेव्हा सुई पुन्हा हलली.

ती हालचाल फॅरेडेने झटकून टाकली नाही, हे त्याचं मोठेपण. बॅटरी जोडतानाचा किरकोळ धक्का म्हणून ती सहज सोडून देता आली असती. १७ ऑक्टोबरला त्याने बॅटरी बाजूला ठेवली आणि पोकळ कॉइलमध्ये नुसता चुंबक आत-बाहेर केला. चुंबक हलत असेपर्यंत सुई हलली. २८ ऑक्टोबरला मोठ्या चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवली आणि सतत वाहणारी वीज मिळवली. खोपोलीच्या आणि कोयनेच्या वीजघरांत आज जे फिरतं त्याचा मूळपुरुष ही चकती.

तर नियम असा: वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय फ्लक्स ज्या दराने बदलतो, तेवढं व्होल्टेज त्या वेटोळ्याभोवती निर्माण होतं. सगळं वजन 'बदल' या शब्दावर आहे. चुंबक कितीही दणकट असो, तो स्वस्थ पडला असेल आणि वेटोळंही स्वस्थ असेल, तर काही होत नाही.

आता वेटोळं मोठं करू. सप्टेंबर १८५९ च्या पहिल्या दोन दिवसांत सूर्यावरून आलेलं एक प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. त्याची एक मोलाची नोंद आपल्या मुंबईतली आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचं आडवं अंग सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरलेलं नोंदवलं गेलं. शांत दिवशी हा चढउतार काही दशक नॅनोटेस्लांचा असतो. त्याच वादळात अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि निव्वळ तारांमध्ये आपोआप आलेल्या विजेवर संदेश पाठवले. खांबांवरची तार आणि खालची जमीन मिळून एकाच फेरीचं, पण शंभराहून अधिक किलोमीटर लांबीचं वेटोळं झालं होतं. चुंबक हलवणारा हात सूर्याचा होता. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडाच्या क्विबेक प्रांतात हेच पुन्हा घडलं. तारायंत्राच्या जागी या वेळी उच्चदाबाच्या वीजवाहिन्या होत्या. दीडेक मिनिटात सगळं जाळं कोसळलं आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले.

कुलाब्याचं नाव निघालंच आहे तर एक सांगायला हवं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी धोक्यात आल्या. रुळांतून आणि जमिनीतून परतणाऱ्या धारेचं चुंबकीय क्षेत्र या नोंदींमध्ये मिसळलं असतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय उपकरणं १९०४ मध्ये समुद्रापलीकडे अलिबागला नेली, आणि काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता येईल. त्या दूरदृष्टीमुळे आज आपल्याकडे इतकी लांब, सलग नोंद आहे. अलिबागला किनारा बघायला जाणाऱ्या किती जणांना ही वेधशाळा माहीत असते? ती माहीत असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

पण या सगळ्या उदाहरणांत तार आहे. आता ती काढू. स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी घ्या. काचेखालच्या कॉइलमधली धारा सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा उलटसुलट होते, आणि वर ठेवलेल्या लोखंडी तव्याच्या बुडातच धारेचे भोवरे उठून तो तापतो. तव्यात वेगळी तार नसते. बुडातलं धातूचं कुठलंही वर्तुळ हेच वेटोळं. आता तवा उचला आणि काचेचं भांडं ठेवा. ते तापत नाही. (शेगडी लगेच बंदही होते, पण ती सोय कारखान्याने केलेली. क्षणभर ती नाही असं समजू.) काचेच्या बुडात व्होल्टेज निर्माण झालं नाही, असं म्हणायचं का? नाही. वर्तुळाकार विद्युतक्षेत्र तिथेही आहे. काचेत मोकळे इलेक्ट्रॉन नाहीत म्हणून धारा नाही, एवढंच. भांडंही काढून घ्या. हवेतही ते क्षेत्र आहे.

हे खरं मानायला पुरावा हवा, आणि तो १९४० मध्ये मिळाला. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड कर्स्टने बीटाट्रॉन नावाचं यंत्र चालवलं. काचेची एक पोकळ, गोल नळी, तिच्यात निर्वात जागा, आणि नळीच्या मधोमध बदलतं चुंबकीय क्षेत्र. निर्वातात सोडलेले इलेक्ट्रॉन त्या नळीत गोल फिरू लागले आणि प्रत्येक फेरीला थोडी थोडी ऊर्जा मिळवत २३ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत पोचले. तार नाही, धातू नाही, हवासुद्धा नाही, आणि फॅरेडेचा नियम चोख चालतो आहे. माझ्या मते बीटाट्रॉन बारावीच्या प्रत्येक वर्गात फॅरेडेच्या कॉइलनंतर लगेच सांगावा.

खुद्द फॅरेडेला याची चाहूल फार लवकर लागली होती. लोखंडाच्या किसाने दिसणाऱ्या बलरेषा त्याच्या लेखी रिकाम्या जागेतली खरीखुरी वस्तू होती. १२ मार्च १८३२ रोजी त्याने रॉयल सोसायटीकडे एक मोहोरबंद पत्र ठेवायला दिलं. ते शंभराहून अधिक वर्षांनी उघडलं गेलं. चुंबकाचा परिणाम दूरवर पोचायला वेळ लागत असावा आणि तो पाण्यावरच्या लाटांसारखा किंवा हवेतल्या ध्वनीसारखा पसरत असावा, असं त्यात लिहिलं होतं. हाती पुरावा नव्हता म्हणून त्याने ते छापलं नाही. कल्पनेवरची तारीख मात्र राखून ठेवली.

गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने पुरवलं. त्याचा जन्म १८३१ चाच. त्याने फॅरेडेचा नियम जसाच्या तसा घेतला: बदलतं चुंबकीय क्षेत्र आपल्याभोवती विद्युतक्षेत्राचं वेटोळं घालतं. आणि त्याला जोड दिली: बदलतं विद्युतक्षेत्रही आपल्याभोवती चुंबकीय क्षेत्राचं वेटोळं घालतं. ही जोड कुणाच्याही प्रयोगात दिसलेली नव्हती. १८६१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या आपल्या गावी, ग्लेनलेअरला, त्याने या समीकरणांतून तरंगाचा वेग निघतो हे ताडलं. आकडे टाकायला लागणारी पुस्तकं लंडनला होती. परतल्यावर त्याने वेबर आणि कोलराउश यांचं १८५६ चं मोजमाप काढलं. ते निव्वळ विजेचं आणि चुंबकत्वाचं मोजमाप होतं, प्रकाशाचा त्यात संबंधच नव्हता. त्यातून वेग आला सेकंदाला सुमारे ३,१०,७०० किलोमीटर. फिझोने १८४९ मध्ये दातेरी चाक फिरवून मोजलेला प्रकाशाचा वेग होता सुमारे ३,१५,००० किलोमीटर. हे दोन आकडे शेजारी मांडल्यावर मॅक्सवेलला काय वाटलं असेल, याचा विचार मी आजही वर्गात फळ्यावर ते लिहिताना करते.

१८५७ मध्ये फॅरेडेने मॅक्सवेलला एक पत्र लिहिलं होतं. गणितज्ञ आपले निष्कर्ष साध्या भाषेतही मांडू शकणार नाहीत का, असा त्याचा प्रश्न होता, कारण त्याला स्वतःला गणित येत नव्हतं. तो प्रश्न डोळ्यांसमोर ठेवून पुढचा भाग समीकरणाशिवाय सांगते. आजच्या व्याख्यानाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

समजा, एक तरंग पश्चिमेकडून पूर्वेकडे चालला आहे. त्यातलं विद्युतक्षेत्र वर-खाली डोलतं, चुंबकीय क्षेत्र उत्तर-दक्षिण. रिकाम्या हवेत एक उभा, अरुंद आयत मनाने आखा. पुस्तकाच्या पानासारखा नको, केसाइतका अरुंद आणि हातभर उंच. त्याची एक उभी बाजू पश्चिमेला, दुसरी लगेच पूर्वेला. हे आपलं बिनतारेचं वेटोळं. आता त्याच्या कडेने एक फेरी मारून विद्युतक्षेत्राची बेरीज करा. वरची आणि खालची बाजू आडवी आहे, क्षेत्र उभं आहे, तेव्हा त्यांचा वाटा शून्य. एका उभ्या बाजूने वर जायचं, दुसरीने खाली यायचं, म्हणून उरते ती दोन बाजूंवरच्या क्षेत्रांची वजाबाकी. फॅरेडेचा नियम म्हणतो की ही वजाबाकी गुणिले आयताची उंची म्हणजेच आयतातून जाणाऱ्या चुंबकीय फ्लक्सच्या बदलाचा दर.

हा आयत तरंगाच्या माथ्यावर ठेवा, जिथे विद्युतक्षेत्र सर्वांत जास्त आहे. माथ्यावर दोन्ही बाजूंना क्षेत्र सारखंच. वजाबाकी शून्य. म्हणजे त्या क्षणी चुंबकीय क्षेत्र बदलतच नाही आहे, तेही आपल्या माथ्यावर आहे. आता आयत तिथे न्या जिथे विद्युतक्षेत्र शून्यातून जातं. तिथे चढ सर्वांत तीव्र, वजाबाकी सर्वांत मोठी, म्हणून चुंबकीय क्षेत्र सर्वांत वेगाने बदलतं आहे, म्हणजे तेही शून्यातून जातं आहे. दोघं एकदमच माथ्यावर असतात आणि एकदमच शून्यावर.

यावर मी इतका भर देते याचं कारण आहे. पुष्कळ पुस्तकांत आणि त्याहून जास्त व्हिडिओंत असं सांगतात की विद्युतक्षेत्र ओसरतं आणि चुंबकीय क्षेत्र जन्मतं, मग ते ओसरतं आणि पुन्हा विद्युतक्षेत्र जन्मतं, अशी आळीपाळी चालते. ऐकायला छान वाटतं, पण प्रवास करणाऱ्या तरंगाचं हे चित्र खोटं आहे. नियम एका क्षेत्राच्या जागेनुसार होणाऱ्या बदलाची सांगड दुसऱ्याच्या वेळेनुसार होणाऱ्या बदलाशी घालतो. जागा आणि वेळ अशी जोडली गेल्यामुळेच आकृती जागा बदलते, पुढे सरकते. परावर्तित होऊन उभा राहिलेला स्थिर तरंग मात्र वेगळा. त्यात एकाचा माथा दुसऱ्याच्या शून्यावर येतो. गोंधळाचं मूळ बहुधा तिथेच आहे.

मॅक्सवेलच्या जोडनियमासाठी तसाच एक आडवा आयत आखता येतो. पहिला आयत सांगतो: विद्युतक्षेत्र म्हणजे चुंबकीय क्षेत्र गुणिले वेग. दुसरा सांगतो: चुंबकीय क्षेत्र म्हणजे विद्युतक्षेत्र गुणिले वेग, गुणिले निर्वाताचे दोन स्थिरांक. दोन्ही एकाच वेळी खरं असायचं तर वेग एकच असू शकतो. त्या दोन स्थिरांकांचा गुणाकार करा, वर्गमूळ काढा, त्याने एकाला भागा. येतं सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर. विद्यार्थ्यांनो, घरी गेल्यावर कॅल्क्युलेटरवर स्वतः करून बघा. बाहेरच्या दुपारच्या उन्हालाही हेच लागू आहे. ते चौरस मीटरला साधारण १,००० वॉट शक्ती आणतं. हे सगळं एकाच तरंगातून आलं असं मानलं, तर त्याच्या माथ्यावर विद्युतक्षेत्र मीटरला सुमारे ८७० व्होल्ट भरतं आणि चुंबकीय क्षेत्र जेमतेम तीन मायक्रोटेस्ला, पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण पंधरावा हिस्सा. होकायंत्राला ते जाणवत नाही, कारण सेकंदाला सुमारे पाचशे लाख कोटी वेळा दिशा बदलणाऱ्या क्षेत्रामागे सुई कशी धावणार?

मॅक्सवेल १८७९ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेला. तरंग प्रयोगशाळेत प्रत्यक्ष पकडले हाइनरिख हर्ट्झने, जर्मनीत कार्ल्सरुहला, १८८७-८८ मध्ये. एका बाजूला ठिणग्या पाडणारं यंत्र होतं. आणि दुसऱ्या बाजूला काय होतं? तारेचं एक वेटोळं, एकाच फेरीचं, टोकांमध्ये बारीकशी फट. तरंग आला की त्या फटीत अंधारात दिसेल न दिसेल अशी ठिणगी पडायची. साक्षीदार परत आला होता. मधल्या हवेत तरंग कुणी पाहिला नव्हता. वेटोळं ज्या जागी ठेवावं त्या जागी ते साक्ष देत होतं.

त्यानंतर काहीच वर्षांत कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी तरंगलांबी थेट मिलिमीटरांवर आणली, म्हणजे सगळा प्रयोग टेबलावर मावू लागला. २९ जानेवारी १८९७ च्या शुक्रवारी त्यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तो लंडनकरांना दाखवला. बोस यांच्या साहित्यातली एक वस्तू मला फार आवडते: पानांमध्ये कथलाचे पत्रे घातलेलं रेल्वेचं वेळापत्रक. विद्युतक्षेत्र पानांना समांतर असलं की पत्र्यांत धारा उठून तरंग अडतो. पुस्तक काटकोनात फिरवलं की तो पार जातो. विद्युतक्षेत्राला दिशा आहे, ते तरंगाच्या वाटेला काटकोनात डोलतं, हे एवढ्या साध्या साधनाने सिद्ध होतं.

शिक्षक मित्रांना माझी विनंती अशी. प्रवर्तनाच्या पहिल्या तासाला फळ्यावर आधी खडूने नुसतं वर्तुळ काढा आणि त्यातून जाणारं, वाढत जाणारं चुंबकीय क्षेत्र दाखवा. या वर्तुळाभोवती विद्युतक्षेत्र आहे का, असा प्रश्न विचारा. मुलं 'तार कुठाय?' म्हणतील. म्हणू देत. मग वर्तुळावर तार ठेवा, गॅल्व्हानोमीटर जोडा, सुई हलवून दाखवा. मग तार काढा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. आणि जमलं तर फेब्रुवारीअखेर, विज्ञान दिनाच्या सुमाराला, मुलांना नारायणगावजवळ खोडदला न्या. तिथल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिश आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. डिशचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नाही, पोलादी तारांची जाळी आहे. तिच्यातून आरपार आकाश दिसतं. तरंगलांबी वीतभर किंवा त्याहून मोठी असल्यामुळे जाळीची लहान भोकं तरंगाच्या लेखी नसल्यातच जमा. मुलांना विचारा: दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनपासून निघालेला २१ सेंटिमीटरचा तरंग इथवर तारेशिवाय आला, तर त्याला पहिला इलेक्ट्रॉन कुठे भेटला? जाळीत, की वर बसवलेल्या फीडमध्ये, म्हणजे डिशने गोळा केलेला तरंग टिपणाऱ्या अँटेनामध्ये? आणि तोपर्यंतच्या सगळ्या वाटेवर फॅरेडेचा नियम काय करत होता?